कोरड्या हवेतील ओलावा मोजताना: दवबिंदू ट्रान्समीटरची ओळख, मांडणी आणि वापर

काँप्रेसरच्या हवेत पाणी नाही असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ड्रेन उघडल्यावर थेंब येत नाही, एवढेच आपल्याला म्हणायचे असते. थेंब न येणे आणि हवा कोरडी असणे यांत फार मोठे अंतर आहे. औषधाच्या कारखान्यात पावडर वाहून नेणारी हवा, पेंट शॉपमधील फवाऱ्याची हवा, पेट प्लॅस्टिकचे दाणे सुकवणारी हवा किंवा कंट्रोल व्हॉल्व्हला जाणारी इन्स्ट्रुमेंट एअर, या सगळ्या ठिकाणी डोळ्यांना न दिसणारी वाफच नुकसान करते, आणि ती वाफ दशलक्ष रेणूंमागे शे-सव्वाशे रेणू इतकी कमी असली तरी तिची नोंद ठेवावी लागते. हे काम करणाऱ्या उपकरणाला कारखान्यात सर्रास ‘ड्यू पॉइंट ट्रान्समीटर’ म्हणतात. इन्स्ट्रुमेंटेशन किंवा युटिलिटी विभागात नव्याने रुजू झालेल्यांना हे उपकरण समजावे, बसवता यावे आणि त्याचा आकडा कधी मानायचा व कधी तपासायचा हे ठरवता यावे, यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरण म्हणून ७ बार गेज दाबाची हवेची लाइन आणि तिच्यावरील दोन टॉवरचा डेसिकंट ड्रायर (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांनी, म्हणजे डेसिकंटने, हवा सुकवणारा) घेतला आहे, कारण बहुतेकांची या विषयाशी पहिली गाठ तिथेच पडते.

पहिली पायरी: आकडा कशाचा आहे ते समजून घ्या

हवा थंड करत गेल्यास ज्या तापमानाला तिच्यातील वाफ पाण्याच्या रूपात साचू लागते, ते तापमान म्हणजे दवबिंदू. शून्य अंशाखाली दवाऐवजी हिमकण जमू लागतात आणि त्या तापमानाला हिमबिंदू म्हणतात. रोजच्या बोलण्यात दोन्हींना ड्यू पॉइंट म्हटले जाते आणि बहुतेक ट्रान्समीटर शून्याखाली हिमबिंदूच दाखवतात. तरीही मॅन्युअलमध्ये हे एकदा पाहून घ्यावे, कारण उणे १० अंशांजवळ दोन्हींत साधारण एका अंशाचा फरक असतो आणि उणे ४० अंशांजवळ तो साडेतीन-चार अंशांपर्यंत जातो. दोन उपकरणांचे आकडे जुळत नाहीत म्हणून एखादे बदलण्याआधी दोन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत ना, हे पाहणे केव्हाही स्वस्त पडते.

दवबिंदू अंशांत सांगितला जात असला तरी त्यामागची खरी राशी वाफेचा आंशिक दाब ही आहे. हिमबिंदू उणे २० अंश असेल तर हा दाब सुमारे १०३ पास्कल असतो, उणे ४० ला सुमारे १२.८, उणे ६० ला साधारण १.१ आणि उणे ८० ला जेमतेम ०.०५५ पास्कल. वातावरणीय दाबाच्या हवेत हेच प्रमाण आकारमानाने अनुक्रमे सुमारे १,०२०, १२७, ११ आणि अर्धा पीपीएम (दशलक्ष भागांमागे भाग) होते. दर २० अंशांमागे वाफ आठव्या हिश्श्यापासून विसाव्या हिश्श्यापर्यंत घटत जाते, म्हणून उणे ६० आणि उणे ७० यांतील फरक ‘फक्त दहा अंश’ समजू नये. तेथे ओलावा जवळजवळ चौपटीने बदललेला असतो. नेहमीचा सापेक्ष आर्द्रतेचा मीटर या कामाला का चालत नाही, तेही यातूनच कळते. २० अंश तापमानाच्या हवेचा दवबिंदू उणे ४० असेल तर तिची सापेक्ष आर्द्रता अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, आणि दोन टक्क्यांची चूक चालवून घेणाऱ्या मीटरला ती दिसणारच नाही.

दुसरी पायरी: दाब विचारल्याशिवाय दवबिंदू लिहू नका

नवख्यांचे सर्वाधिक गोंधळ या एका मुद्द्यावर होतात, त्यामुळे येथे थोडे थांबणे योग्य ठरेल. हवा दाबली की तिच्यातील प्रत्येक घटकाचा आंशिक दाब त्याच पटीत वाढतो, आणि त्यात वाफही आली. ७ बार गेज (म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा ७ बार जास्त) म्हणजे निरपेक्ष ८ बार. या दाबाला लाइनमधील दवबिंदू उणे ४० अंश असेल आणि तीच हवा आपण वातावरणात सोडून मोजली, तर वाफेचा दाब आठव्या हिश्श्यावर येतो आणि आकडा सुमारे उणे ५७ दिसतो. हवा मुळीच बदललेली नसते. बदललेला असतो तो फक्त मोजण्याच्या जागेचा दाब.

संपीडित हवेच्या शुद्धतेचे आयएसओ ८५७३-१ हे मानक दाबाखालील दवबिंदूवर वर्ग ठरवते: पहिल्या वर्गाला उणे ७० किंवा त्याहून कमी, दुसऱ्याला उणे ४०, तिसऱ्याला उणे २० आणि चौथ्याला अधिक ३ अंश. शीतकरणाने हवा सुकवणारा रेफ्रिजरंट ड्रायर चौथ्या वर्गाशी थांबतो, कारण त्याखाली गेल्यास त्याच्याच उष्णता-विनिमयकात बर्फ धरू लागेल. दुसरा वर्ग हवा असेल तर डेसिकंट लागतोच. म्हणून लॉग शीटवर ‘उणे ५७’ एवढेच लिहून दुसरा वर्ग आरामात पार झाल्याचा समज करून घेणे धोक्याचे आहे, कारण तो आकडा उघड्या हवेत घेतलेला असेल तर लाइन प्रत्यक्षात नेमकी सीमेवर उभी असते. आकड्यापुढे दाब लिहिण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

तिसरी पायरी: सेन्सरच्या आत काय घडते

औद्योगिक ट्रान्समीटरमध्ये सर्वांत जास्त आढळणारा सेन्सर धातूच्या ऑक्साइडचा असतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ॲनोडायझिंगने ऑक्साइडचा सच्छिद्र थर तयार करतात आणि त्यावर सोन्याचा इतका पातळ थर चढवतात की त्यातून वाफ आरपार जाऊ शकते. खालचा ॲल्युमिनियम आणि वरचे सोने ही कपॅसिटरची दोन टोके होतात. वाफेचे रेणू छिद्रांच्या भिंतींना चिकटतात. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक साध्या तापमानाला सुमारे ८० आणि कोरड्या हवेचा जवळपास १ असल्यामुळे, थोडेसे रेणू चिकटले तरी कपॅसिटन्समध्ये मोजण्याजोगा फरक पडतो. किती रेणू चिकटतील आणि किती सुटून जातील याचा समतोल वाफेच्या आंशिक दाबावर ठरतो. म्हणूनच हा सेन्सर हवा, नायट्रोजन किंवा आर्गॉन यांपैकी कशातही असला तरी साधारण तोच दवबिंदू दाखवतो. काही उत्पादक ॲल्युमिनियमऐवजी सिरॅमिकच्या तुकड्यावर असेच थर चढवतात; तत्त्व तेच राहते.

दुसरा प्रकार पॉलिमर फिल्मचा. ही फिल्म मुळात सापेक्ष आर्द्रतेला प्रतिसाद देते, आणि वर पाहिल्याप्रमाणे अतिकोरड्या हवेत ती आर्द्रता शून्याला टेकलेली असते, त्यामुळे शून्य किंचित सरकले तरी दवबिंदू कित्येक अंशांनी चुकतो. यावरचा उपाय फार सुंदर आहे: ट्रान्समीटर ठरावीक काळाने सेन्सरला स्वतःच तापवतो. तापलेल्या सेन्सरपाशी सापेक्ष आर्द्रता आणखी घटून व्यवहारात शून्यच होते, आणि तो थंड होत असताना मिळणाऱ्या वाचनांवरून उपकरण आपले शून्य पुन्हा बसवून घेते. ही क्रिया चालू असताना आउटपुट काही मिनिटे गोठलेले राहते. ट्रेंडवर, म्हणजे वेळेनुसार काढलेल्या आलेखावर, सरळ आडवी रेघ दिसली म्हणून ट्रान्समीटर बिघडला असे समजू नये.

थंड आरशाचे उपकरण या दोघांहून वेगळे आहे. त्यात आरसा खरोखर थंड करून त्यावर दव किंवा हिम धरण्याचा क्षण प्रकाशाने टिपला जातो आणि आरशाचे तापमान थेट वाचले जाते. ते मूलभूत मापन असल्यामुळे प्रयोगशाळेत संदर्भ म्हणून वापरले जाते, पण धूळ, तेल आणि किंमत यांमुळे ते लाइनवर कायमचे क्वचितच बसते. नैसर्गिक वायू किंवा संक्षारक वायूंसाठी लेझर शोषणाचे विश्लेषकही आहेत. साध्या हवेच्या लाइनला मात्र त्यांची गरज पडत नाही.

चौथी पायरी: जागा आणि सॅम्पल लाइन

ऑक्साइडचा असो वा पॉलिमरचा, सेन्सर केवळ आपल्या टोकाशी पोहोचलेल्या वाफेचा दाब सांगतो. मुख्य पाइपातील हवा वाटेत काहीही न घेता आणि काहीही न सोडता त्या टोकापर्यंत आणणे ही बसवणाऱ्याची जबाबदारी आहे. माझ्या मते या कामातील यशापयश निम्म्याहून अधिक येथेच ठरते, आणि महागडा ट्रान्समीटर घेऊन त्याला नायलॉनची नळी जोडणे यासारखी पैशाची नासाडी नाही.

सॅम्पल ड्रायरच्या पुढील डस्ट फिल्टरनंतर आणि शक्यतो पाइपाच्या वरच्या बाजूने घ्यावा, म्हणजे तळाशी असलेली धूळ किंवा तेल सेन्सरकडे येणार नाही. ट्रान्समीटर थेट मुख्य पाइपात खोचता येतो. पण तो काढायचा झाला की लाइन बंद करावी लागते, म्हणून आयसोलेशन व्हॉल्व्ह, छोटी नळी आणि सॅम्पल सेल (सेन्सर जिच्यात बसतो ती छोटी डबी) अशी बायपास मांडणी जास्त सोयीची पडते. नळी ६ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची, जमेल तितकी आखूड आणि फेरूल फिटिंगची असावी. रबर आणि नायलॉन पूर्ण वर्ज्य. टेफ्लॉन थोडे बरे असले तरी त्याच्या भिंतीतूनही बाहेरची वाफ आत झिरपते, म्हणून उणे ४० च्या खाली त्यावर भिस्त ठेवू नये. प्रेशर गेज, रेग्युलेटर आणि रोटामीटर (प्रवाह दाखवणारी नळी) सेन्सरच्या आधी बसवू नयेत, कारण त्यांच्यातील रबरी पडदे आणि बंद कोनाडे ओलावा धरून ठेवतात व तो तासन्‌तास सोडत राहतात. ते सारे सेन्सरच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या बाजूला घ्यावेत.

नीडल व्हॉल्व्हची जागा तर आकड्याचा अर्थच बदलते. तो सेलच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या बाजूला असेल तर सेलमध्ये लाइनचा पूर्ण दाब राहतो आणि ट्रान्समीटर दाबाखालील दवबिंदू दाखवतो. तोच व्हॉल्व्ह सेलच्या आधी बसवला तर सेल वातावरणीय दाबाला येते आणि आपल्या उदाहरणातील उणे ४० ची जागा उणे ५७ घेते. मानकाशी तुलना करायची असल्यामुळे पहिली मांडणी करावी, प्रवाह मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत, साधारणपणे मिनिटाला १ ते ५ लिटर ठेवावा, आणि बाहेर सोडणाऱ्या तोंडाला एक-दोन मीटर नळीचे वेटोळे जोडावे, म्हणजे खोलीतील दमट हवा उलट शिरून सेलपर्यंत पोहोचणार नाही.

उलट शिरणे हा शब्द अनेकांना खटकतो. आत ७ बार दाब असताना बाहेरची वाफ आत येईलच कशी, असा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर आंशिक दाबात आहे. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना बाहेरच्या वाफेचा दाब सुमारे ३,४०० पास्कल असतो, तर उणे ४० दवबिंदूच्या हवेत तो १२.८ पास्कल असतो. वाफेच्या दृष्टीने बाहेरची बाजू २६० पटींहून अधिक दाबाची आहे, आणि सूक्ष्म गळतीतून हवा बाहेर जात असतानाही वाफेचे रेणू आत विसरित होत राहतात. साबणाच्या पाण्याने बुडबुडा न दिसणारी गळतीही अतिकोरड्या मापनात आकडा बिघडवू शकते. म्हणून ट्रान्समीटर बसवताना पुरवलेला बाँडेड सीलच (धातूच्या कड्याला रबर चिकटवलेला वॉशर) वापरावा, तो प्रत्येक वेळी नवा घ्यावा, आणि पाना फक्त षट्‌कोनी भागावर लावावा. इलेक्ट्रॉनिक्सची डबी धरून पिळू नये. सेन्सरवरच्या सिंटर्ड गार्डला (सच्छिद्र संरक्षक टोपीला) बोट लावू नये, कारण हाताचे तेल आणि घाम त्याच्या छिद्रांत बसतात.

पाचवी पायरी: वायरिंग आणि रेंजची जुळणी

बहुतेक ट्रान्समीटर दोन तारांचे असतात आणि २४ व्होल्टच्या लूपवर ४ ते २० मिलिअँपिअर देतात. वायरिंग सोपे आहे. चूक होते ती स्केलिंगमध्ये, म्हणजे किती मिलिअँपिअरला किती अंश मानायचे या जुळणीत. समजा ट्रान्समीटरची रेंज उणे १०० ते अधिक २० अंश आहे. मग १२० अंश १६ मिलिअँपिअरवर पसरलेले असतात आणि उणे ४० अंशांना बरोबर १२ मिलिअँपिअर मिळतात. आता जुना ट्रान्समीटर काढून उणे ८० ते अधिक २० रेंजचा बसवला आणि पीएलसीतले (यंत्रणा चालवणाऱ्या नियंत्रक संगणकातले) स्केलिंग तसेच राहिले, तर प्रत्यक्षात दवबिंदू उणे ३० असतानाही त्याच १२ मिलिअँपिअरवर पडद्यावर उणे ४० झळकेल. ड्रायर नापास, पडदा पास. म्हणून चालू करण्याआधी लूपमध्ये मल्टीमीटर मालिकेत जोडावा, ट्रान्समीटरच्या लेबलवरील रेंज हाताने लिहून घ्यावी, प्रवाहावरून दवबिंदू स्वतः काढावा आणि तो पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहावा. सेन्सर तुटल्यास प्रवाह ३.६ मिलिअँपिअरच्या खाली जातो की २१ च्या वर, हेही पाहून पीएलसीत तो दोष म्हणून नोंदवावा. नाहीतर तुटलेला सेन्सर ‘अतिशय कोरडी हवा’ म्हणून मिरवतो.

हायड्रोजन किंवा नैसर्गिक वायूच्या लाइनवर काम असेल तर स्फोटक क्षेत्राचे प्रमाणपत्र आणि बॅरिअर यांचा प्रश्न येतो. तेथे त्या विषयाच्या जाणकाराच्या सहीशिवाय एकही तार जोडू नये.

सहावी पायरी: पहिला आकडा आणि धीर

आयसोलेशन व्हॉल्व्ह एकदम न उघडता हळूहळू उघडावा. दाबाचा धक्का आणि त्यासोबत येणारी धूळ सेन्सरला सोसवत नाही. सुरुवातीला आकडा कदाचित उणे १५ किंवा उणे २० वर दिसेल आणि मग खाली सरकू लागेल. या वेळी ट्रान्समीटर मुख्य लाइनचा ओलावा मोजत नसून नळीच्या भिंती, फिटिंग आणि स्वतःच्या छिद्रांत बसलेले पाणी निघून जाताना पाहत असतो. उणे ४० गाठायला छोट्या, स्वच्छ मांडणीला तासभर लागू शकतो. उणे ७० साठी अनेक तास सहज जातात. उलट दिशेने, म्हणजे कोरड्याकडून ओल्याकडे, प्रतिसाद फार वेगाने येतो. दहा मिनिटांत आकडा घेऊन अहवालावर सही करण्याची घाई येथे चालत नाही. सलग तीन-चार वाचने अर्ध्या तासाच्या अंतराने एकाच जागी थांबली, की मगच तो आकडा लाइनचा मानावा.

आकडा हवेचा आहे की आपल्या नळीचा, हे ओळखण्याची एक खात्रीची चाचणी आहे. सेलचा दाब न बदलता प्रवाह वाढवा, उदाहरणार्थ मिनिटाला २ लिटरवरून ४ लिटर करा. दवबिंदू जागच्या जागी राहिला तर मांडणी घट्ट आहे. प्रवाह वाढताच आकडा आणखी कोरडा होऊ लागला, तर वाटेत कुठेतरी गळती आहे किंवा एखादा भाग अजून ओलावा सोडतो आहे, आणि वाढलेली हवा त्याला फक्त पातळ करते आहे. तसेच सॅम्पल नळीवर दुपारचे ऊन येताच आकडा चढत असेल आणि रात्री उतरत असेल, तर ते तापलेल्या भिंतींवरून सुटणारे पाणी आहे. अशा वेळी ड्रायरला दोष देण्याआधी नळी सावलीत घ्यावी.

सातवी पायरी: ट्रेंड वाचायला शिका

एकट्या आकड्यापेक्षा दिवसभराची रेघ खूप काही सांगते. हीटलेस, म्हणजे हीटर नसलेल्या, डेसिकंट ड्रायरमध्ये एक टॉवर हवा सुकवतो तेव्हा दुसरा थोड्या कोरड्या हवेने स्वतःला सुकवून घेतो, आणि साधारण दर पाच मिनिटांनी दोघांची अदलाबदल होते. ट्रेंडवर ही अदलाबदल करवतीच्या दात्यांसारखी दिसते. दोन्ही दाते सारखे असतील तर काम ठीक चालले आहे. एकाआड एक दाता उंच जाऊ लागला की एकाच टॉवरमध्ये बिघाड आहे: त्याचा पर्ज व्हॉल्व्ह (सुकवताना वापरलेली हवा बाहेर सोडणारा) चिकटलेला, सायलेन्सर कोंदलेला किंवा डेसिकंट तेलाने माखलेला. दोन्ही दाते मिळून आठवड्यामागून आठवडा वर सरकत असतील तर डेसिकंट थकत आला आहे, किंवा आफ्टरकूलर (काँप्रेसरमधून निघालेली गरम हवा थंड करणारा) नीट थंड करत नाही आणि ड्रायरला जास्त गरम, म्हणजेच जास्त ओली हवा मिळते आहे. जुलैत हा भार सर्वांत जास्त असतो, त्यामुळे एप्रिलमध्ये ठीक वाटलेला ड्रायर पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात मुद्दाम तपासावा.

अलार्म कोठे लावायचा, यालाही विचार हवा. अशा ट्रान्समीटरची अचूकता सहसा अधिक-उणे २ अंश असते. म्हणजे पडद्यावर उणे ४० असताना हवा उणे ३८ ही असू शकते. दुसरा वर्ग राखायचा असेल तर पहिली सूचना उणे ४२ च्या आसपास ठेवावी आणि ड्रायर त्याहून काही अंश खाली चालेल असे पाहावे.

आठवी पायरी: कॅलिब्रेशन

ऑक्साइड सेन्सरची छिद्रे काळानुसार बदलत जातात, म्हणून वर्षातून एकदा कॅलिब्रेशन करून घ्यावे. तेलकट किंवा तापलेल्या हवेत सहा महिन्यांनी. अमोनिया, क्लोरीन आणि आम्लांच्या वाफा ॲल्युमिनियम ऑक्साइडला कायमचे खराब करतात आणि त्यावर कॅलिब्रेशन हा इलाज नाही. प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली असावी, तिचा संदर्भ थंड आरशाचा असावा, आणि मान्यता आपल्याला हव्या असलेल्या पल्ल्याची आहे की नाही हे तिच्या स्कोपमध्ये वाचून घ्यावे, कारण दमट हवेच्या मापनाची मान्यता उणे ६० अंशांच्या कामाला लागू पडत नाही. दुरुस्तीपूर्वीची वाचनेही प्रमाणपत्रात मागून घ्यावीत. सेन्सर वर्षभरात ४ अंश सरकला होता असे त्यातून कळले, तर मधल्या काळातील बॅचच्या नोंदी पुन्हा पाहाव्या लागतात आणि पुढचे कॅलिब्रेशन लवकर घ्यावे लागते. फक्त दुरुस्तीनंतरचे आकडे हाती आले, तर हे कधी कळणारच नाही.

ट्रान्समीटर पाठवताना आधी आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करून सेलचा दाब नीडल व्हॉल्व्हमधून पूर्ण सोडावा, मग ट्रान्समीटर काढावा, आणि डेसिकंटची पुडी असलेली त्याची मूळ टोपी लगेच बसवावी. रिकाम्या सेलच्या तोंडालाही प्लग लावावा, म्हणजे परत आल्यावर मांडणी सुकवण्यात सगळा दिवस जाणार नाही.